येडगावच्या उतारावरचा हँडब्रेक
कुणी गाडी लावताना हँडब्रेक ओढला, की त्या करकर आवाजाने मला येडगाव धरणाजवळचा उतार आठवतो. बायकोचा डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली होती आणि चालवायची बहुतेक तीच. कधी मी चालवताना उतारावर थेट पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, टाकला, की ती चिडायची, "अवो, सगळं वजन गिअरबॉक्सला टांगलं ना! न्यूट्रल करा, हँडब्रेक वढा, पाय काढा, मंग पी." त्या दिवशी दवाखान्यातून परतताना पाणी बघायला तिने गाडी थांबवली, न्यूट्रल केली, पण हँडब्रेक अर्ध्यातच अडकला. आजाराने तिच्या हातातली ताकद किती गेली होती, ते मला तेव्हा कळले. ब्रेक दाबून धरत ती म्हणाली, "चाकाला दगुड लावता का?" ऑटोमॅटिकला दगड लावणाऱ्यांना ती हसायची. मी तिच्या हातावर हात ठेवून हँडब्रेक वर ओढला. तिने हळूच पाय काढला, पी टाकला, गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "घरला तुमी चालवा." दिवाळीच्या आत ती गेली. आता सपाट जागेवरही मी तिच्याच क्रमाने गाडी लावतो. चुकलो तर रागवायला कुणी नसते.