नानांचा दुसऱ्या नंबरचा प्रश्न

धर्मानाना आमदार झाले, पण तालुक्यातला एकही दहावा त्यांनी चुकवला नाही. लग्नाला पाच मिनिटं, उद्घाटनाला दहा. पण दहाव्याला नदीकाठी बसले की पिंडाला कावळा शिवेपर्यंत हा माणूस उठायचा नाही. मी त्यांचा स्वीय सहायक. घड्याळ बघून बघून माझा जीव जायचा. "नाना, चला हो!" म्हटलं की म्हणायचे, "थांब रे. मेलेल्याला टाइम विचारतोस का?"

अशा माणसावर चिडावं तरी किती! नव्वदच्या दशकात शहापुरातून निवडून आले ते याच बैठकीच्या जोरावर. भाषण धड यायचं नाही, पण कोणाच्या घरातलं कोण गेलं आणि मागे कोण उरलं, ते तोंडपाठ असायचं.

भातसानगरजवळच्या एका पाड्यावर नळ नव्हता. धरणाचं पाणी मुंबईला, आणि पाड्यातल्या बायका हंडे घेऊन टेकडीखालच्या डबक्यावर. तिथल्या ठमाबाईने नानांना अंगणातच अडवलं होतं, "मत घेतलंस ना? आता पानी दे." त्यासाठी नाना दोन वर्षं मंत्र्यांच्या दारात बसले. शेवटी मंत्री म्हणाले, "सभागृहात प्रश्न विचारा, तिथेच आश्वासन देतो." प्रश्न लागला. निवडणुकीआधीच्या अखेरच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस, सकाळी अकरा वाजता, आमचा नंबर दुसरा.

नेमका त्याच सकाळी उंबरमाळीला दहावा. "सातला विधी हाय, आठला निघू," नाना म्हणाले. मी हात जोडले, आज नको म्हटलं. ऐकतील तर ना! पिंड ठेवला, आणि कावळे झाडावर बसले ते ढिम्म हलेनात. आठ झाले, नऊ झाले. मी जीपचा हॉर्न वाजवला. नानांनी नुसता हात वर केला. कावळा शिवला तेव्हा दहा वाजले होते. आम्ही विधानभवनात पोचलो तोवर प्रश्न पुकारून झाला होता आणि सदस्य गैरहजर म्हणून सभागृह पुढेही गेलं होतं. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो.

"सरकारने टोलवलं म्हणून सांगू," मी सुचवलं. नाना भडकले. "माजी चूक सरकारच्या गल्यात घालू? मी नवतो, हेच सांगायचा." आणि पाड्यावर उभं राहून त्यांनी तसंच सांगितलं. पुढच्या निवडणुकीत पडले.

पडले तेव्हा मला ते जास्त आवडायला लागले, हे कबूल करतो. जीप गेली, दहावेही चुकू लागले, तरी एसटीने मुंबईला जायचे, मंत्रालयाबाहेर पासच्या रांगेत उभे राहायचे, हातात त्याच पाड्याची फाइल. मी बिनपगारी सोबत जायचो, कुरकुर करत. चौथ्या वर्षी नळ आला. उद्घाटन नव्या आमदाराने केलं. नाना आणि मी आठवड्याने गेलो.

ठमाबाईने तांब्या भरून आणला. नाना घटाघटा प्यायले, तोंड पुसलं, हसले.

"पानी आनलंस, खरा," ती म्हणाली. "पन माजी सून पोटुशी होती तवा हंडा घेऊन टेकडीवरून पडली, गेल्या साली. आज ती असती, तर तिनंच तुला पानी दिलं असतं."

"व्हय आये," एवढंच नाना म्हणाले. तांब्या खाली ठेवायचं भान त्यांना राहिलं नाही. तिनेच तो त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतला.