खांबामागची खुर्ची

नॉटिंगहॅमच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो. कितीही घासा, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आहेच. किस्स्यांचंही तसंच!

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. आमचे हे हॉस्पिटलात नोकरीला, मी घरात. आमची सुषमा शाळेत चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन, शिकली आणि दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पिकरिंगमास्तरांच्या ग्रुपमध्ये वाजवायला लागली. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, बरोक म्हणे. वयात आलेली पोर एकटी कशी सोडायची? मी तिथे चहा करायचं काम पत्करलं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण डोळे शाबूत होते.

*

पहिल्याच दिवशी हार्प्सिकॉर्ड बघितलं. दिसायला पियानो, आवाज तारेवर चमचा मारल्यासारखा. आणि दर ब्रेकला त्याच्या तारा पिळत बसायचं!

मी मास्तरांना विचारलं, "सेकंडहँड घेतलंत का?"

"नाही मिसेस साठे, नवीन आहे."

"मग फसवलं तुम्हाला!"

*

हार्प्सिकॉर्डवाल्याचा कागद तर अर्धा कोरा. खाली एका ओळीत सूर आणि त्यांच्याखाली आकडे. सहा, सात, चार. मला वाटलं, मटका!

सुषमा म्हणाली, "आई, आकड्यांवरून वरचे सूर त्याने मनाने भरायचे."

"म्हणजे लिहिणाऱ्याने अर्धं काम करून पूर्ण नाव कमावलं!"

*

मग फ्यूग. एक व्हायोलिन एक ओळ वाजवतं. दुसरं तीच ओळ घेऊन मागे. तिसरंही तेच.

"हे सरळ एकमेकांचं चोरतायत!"

"आई, ते मुद्दाम असतं."

"चोरी मुद्दामच असते गं!"

*

मिस डोरीन गाणारी. गाणं संपत आलं की पुन्हा पहिल्यापासून. याला 'दा कापो' म्हणतात. दुसऱ्यांदा तेच गाणं नटवून, मुरक्या घेऊन गायचं.

मी तिला कप देताना म्हटलं, "पहिल्यांदाच नीट गायलीस तर सगळे लवकर घरी जातील."

बाईने त्या दिवशी बिस्किट घेतलं नाही.

*

पण खरी खटकली ती सुषमाची खुर्ची. खांबामागे! आणि वाजवायचं काय, तर खालचे तेच सूर, धम्-धम्-धम्. सगळे थांबतात, ही चालूच. त्याला 'कंटिन्युओ' असं भारी नाव देऊन ठेवलेलं. पोरगी गोरी असती तर बसवली असती का खांबामागे?

हे म्हणाले, "तुला सगळीकडे काळंबेरं दिसतं."

मी मास्तरांनाच गाठलं. ते म्हणाले, "मिसेस साठे, घराचा पाया कुणाला दिसत नाही."

"पाया दगडाचा असतो. ही माझी मुलगी आहे!"

सुषमाला बजावलं, या शनिवारचा कार्यक्रम शेवटचा. ती जेवली नाही. "आई, मला तेच वाजवायचंय गं," एवढंच म्हणाली.

*

कार्यक्रमाला हॉल भरलेला. मी किटलीपाशी, दारातून बघतेय. मिस डोरीन पुन्हा पहिल्यापासून गायला लागली, मुरक्यांवर मुरक्या, आणि हरवली! व्हायोलिनं तिला शोधत शोधत गप्प झाली. हार्प्सिकॉर्डवाल्याचे हात वरच राहिले. मास्तर पांढरेफटक.

खांबामागून फक्त धम्-धम्-धम्.

ती थांबली नाही. मग व्हायोलिनं एकेक करून त्या धम्-धम्वर चढली. शेवटी बाईलाही आपली ओळ सापडली. टाळ्या! फुलं डोरीनला.

चहाला नेहमीसारखे मास्तर पुढे, कप घेऊन. मी किटली मागे घेतली. "आज रांग खांबामागून सुरू!" सगळे रांगेत सुषमाच्या मागे गेले. फुलांसकट डोरीनसुद्धा.

मागून मास्तरांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी ती येईल ना?"

"आधी तिची खुर्ची कुठे ठेवणार ते सांगा!"

त्यांनी कप ठेवला आणि खुर्ची उचलायला निघाले. तोच सुषमा ओरडली, "नको सर! तिथूनच मला सगळ्यांचे हात दिसतात!"

मी मास्तरांकडे रोखून बघितलं. हे तिला पढवलं कोणी?