दोन्हींवर चालणारं इंजिन आणि अण्णांचा जावई

लातूर जिल्हा नवा झाला त्या काळात मी घरापासून लांब, रेल्वेच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर होतो. बायको आणि दोन पोरी निलंग्याला. थकलेली विजेची इंजिनं उघडायची आणि त्यांच्यात डिझेल इंजिन, जनरेटर बसवायचा, हे आमचं काम. तयार झालेलं इंजिन तारेखाली विजेवर धावायचं आणि जिथं तार नाही तिथं डिझेलवर. आमच्या मुलखात तेव्हा कुठंच तार नव्हती.

कामावरचे मुख्य मिस्त्री देगलूरचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. परमुलखात आपली बोली कानावर पडली की माणूस विरघळतो, तसा मी विरघळलो. रविवारी त्यांच्याकडं जेवायचो. ते मला ‘तम्मा’ म्हणत, देगलूरकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. सुट्टीत घरी गेलो तर पोरी शाळा बुडवून टँकरच्या रांगेत उभ्या. सासऱ्यांनी लातूरच्या नव्या कचेरीत इलेक्ट्रिशियनची जागा बघून ठेवली होती. बायको म्हणाली, “आता दुसरा विचार करू नका. या निघून.”

मी अण्णांना विचारलं. ते हसले.

“पागल झाला का तम्मा? आपलं पहिलं इंजिन लातूर रोड टेशनाला चाललंय. चाऱ्याच्या वाघिणी लई येऊन राहिल्यात तिथं. वीज अन् डिझेल दोन्ही कळणारा माणूस लागतो. तुझंच नाव सांगितलंय साहेबाला.”

“नक्की का अण्णा?”

“हाव. माझ्यावर भरवसा न्हाई का?”

मी सासऱ्यांना ‘नको’ म्हणून कळवलं. ती जागा दुसऱ्याला गेली आणि सासरे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात अण्णांचा जावई डिझेलच्या शेडमधून आमच्याकडं बदलून आला. “ह्याला विजेचं जरा शिकव,” अण्णा म्हणाले. मी जीव ओतून शिकवलं. पोरगा हुशार होता, नम्र होता. आधी पेंटो, म्हणजे छपरावरचा तारेला टेकणारा सांगाडा, खाली घ्यायचा, मगच डिझेलला हात लावायचा, हे मी त्याच्याकडून घोकून घेतलं.

इंजिन निघालं तेव्हा त्यावर आम्ही तिघंही होतो. मी आधीच निलंग्याला शेजारच्या दुकानात फोन करून निरोप दिला होता. लातूर रोडला उतरलो तर फलाटावर बायको, पोरी, गादीची वळकटी, स्टोव्ह, पितळी घागर. एसटीच्या टपावर टाकून सगळं बिऱ्हाडच आणलं होतं तिनं.

इंजिननं चाऱ्याच्या वाघिणी झकास ओढल्या. चाचणी बघायला आलेले साहेब खूश झाले. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून स्टेशनमास्तरांना म्हणाले, “इथून पुढं इंजिनाची देखभाल हे करतील. यांचं क्वार्टर दाखवा.”

मला वाटलं, साहेबांचा माणूस ओळखण्यात घोटाळा झालाय. मी अण्णांकडं बघितलं. ते कापसाच्या बोळ्यानं हात पुसत होते.

“अण्णा, माझं नाव सांगितलं होतं ना तुम्ही?”

“सांगितलं होतं रे. मग देगलूरला पोरीचं बाळंतपण आलं. जावई तिकडं जवळ पाहिजे. तुला काय, तू कुठंबी लागशील.”

“मग तसं सांगायचं होतं. कचेरीतली जागा होती माझ्याकडं.”

“तू निघून गेला असता तर ह्याला शिकवलं कुणी असतं?”

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, आवाज न चढवता. त्याचाच घाव जास्त बसला.

बायको पुढं झाली. “अण्णा, आम्ही भांडीकुंडी घेऊन आलोय हो.”

“वैनी, पुढच्या इंजिनाला बघू,” म्हणत ते चहाला गेले. जावयानं वळकटी उचलू लागायला हात पुढं केला. तिनं ती आपल्याकडं ओढून घेतली.

दुपारच्या एसटीनं ती परत गेली. धाकटी खिडकीतून विचारत राहिली, “बाबा, तुम्ही कधी येणार?” मला मात्र अण्णांच्याच डब्यातून परतावं लागलं. त्यांनी भाकरीचा डबा पुढं सरकवला. मी तोंड फिरवून बसलो.

आमच्याकडं पुढचं इंजिन कधी आलंच नाही. उन्हाळ्याआधी निलंग्याचं घर बंद करून मी सगळ्यांना कारखान्याच्या वस्तीत आणलं. पोरी तिथंच शिकल्या, तिथलीच बोली बोलू लागल्या. अण्णा निवृत्त झाले तेव्हा निरोपाला चार शब्द बोलायला मला उभं केलं. अण्णांचा हात कामात फार साफ होता, एवढं म्हणालो. ते खरंच होतं. मग खाली बसलो.