रोज वाढणारा आकडा

"मावशी, तुम्ही मधात बोलू नका!" सर माझ्यावर ओरडले. "पोरीचं सारं काम बुडेल."

"काहून नाही बोलू? प्रोब माझ्या हातचा आहे!"

यवतमाळच्या आमच्या कॉलेजातल्या प्लाझ्मा लॅबमध्ये अशी भांडणं पंपाखालच्या तेलासारखी साचतात. कितीही पुसा, डाग राहतोच. मी तिथे काचकाम करते. कुणी शिकवलं नाही, बोटं भाजून शिकले. प्रोब म्हणजे काचेच्या नळीतून जराशी डोकावणारी बारीक तार. हवा काढलेल्या भांड्यात थोडा वायू सोडून विजेचे झटके दिले की तो चमकतो, तोच प्लाझ्मा. त्यात तार ठेवायची, करंट मोजायचा. एवढंच! एवढ्यापायी माणसं म्हातारी होतात.

एकदा आम्ही मागितलेल्या नव्या पंपापायी एक साहेब पाहणीला आले. भांड्याच्या खिडकीतून जांभळा उजेड बघून म्हणाले, "हा तर सलग आहे. झटके कुठायत?" सरांनी सांगितलं, झटके इतके जलद, की डोळ्याला दिसत नाहीत. साहेब म्हणाले, "मग जे दिसत नाही ते मोजून करता काय?" नव्या पंपाची मागणी तिथंच मेली!

विनोद नावाचा एक विद्यार्थी होता. त्याच्या स्कोपवर, म्हणजे करंटची चढउतार दाखवणाऱ्या पडद्यावर, रोज एक सुरेख लाट यायची. त्यानं तिच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. संक्रांतीला कॉलेजमागच्या जिनिंग फॅक्टरीला सुट्टी लागली, अन् लाट गायब! "मावशी, म्या कापसाची मशीन मोजून राह्यलो होतो," एवढंच बोलला. पुन्हा लॅबकडे फिरकला नाही.

तारेवर मळ बसला, तर व्होल्टेज वाढवून ती लाल करतात, मळ जळतो. एकदा सरांनी लाल केली. मग पांढरी झाली. मग तारच नव्हती!

"मावशी, दुसरी आहे?"

"आहे ना! मागं झाडाले लागल्या आहेत, तोडून आणू?"



आता त्या भांडणाच्या दिवशीचं. प्रगती सरांकडे पीएचडी करणारी, केळापूरची. घरी तिला आत्तापासूनच 'डॉक्टर' म्हणून हाक मारतात. तिचे झटके तेच, वायू तोच, पण करंटवरून निघणारा इलेक्ट्रॉनांचा आकडा रोज थोडा वाढायचा. सर खूश! "नवीन काहीतरी सापडलंय." सारा प्रबंध त्यावरच उभा राहिला. मग तिनं माझ्याकडून नवा प्रोब नेला, अन् आकडा धपकन खाली, पहिल्या दिवसाच्या जागी. प्लाझ्मा वाढतच नव्हता. भांड्यातल्या धातूचा थर प्रोबच्या काचेवर चढून तारेला मिळत होता. तार मोठी होत होती, करंट जास्त गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षक येऊन समोर प्रयोग बघणार होते.

"जुनाच प्रोब लाव," सर म्हणाले. "आकडे जुळतील. नाहीतर डिग्री गेली, प्रगती. मग मी काही करू शकत नाही."

"अन् अशी डिग्री घेऊन पोरीनं करायचं काय?" मी म्हटलं.

"मावशी, तुम्हाला तिला घरी बसवायचंय का?"

"मले? मले तिनं उद्या आरशात मान वर करून पाहावं असं वाटते!"

"बस करा!" सरांनी टेबलावर हात आपटला. "प्रगती, जा, जुना प्रोब आण."

प्रगती जागची हलली नाही.

"सर, त्याच्यावरचा थर म्या सकाळीच घासून टाकला."