पितळेची खीळ

घरात तिला धाकटी म्हणत. रोपवाटिकेत कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी आई विसरलेला डबा घेऊन आली आणि फाटकातूनच "धाकटे!" म्हणून ओरडली, तेव्हापासून तिथेही तेच नाव चिकटलं. पुढे कानांवरचे केस पिकले तरी मुकादमापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांची ती धाकटीच राहिली. तिचं काम डोळे भरायचं. चांगल्या जातीच्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, रानटी खुंटाच्या सालीला चीर देऊन त्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. "मी दिवसभर डोळेच भरते, मला वेगळं रडायला सवड कुठली?" असं ती नव्याने आलेल्या बायकांना सांगायची. त्या हसायच्या, ती मात्र तोंड सरळ ठेवून पुढच्या खुंटाकडे सरकायची.

या कामाला चाकू लागतो. खिशात मावेल असा, घडीचा, आणि धार अशी की साल दुखावता कामा नये. धाकटीचा चाकू तिच्या दादाने केला होता.

दादा आधी कुलपं दुरुस्त करायचा. आईच्या घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल, व्हाइस, कानशी, घासायचं चाक आणि तेलाच्या वाफांनी कायमची काळवंडलेली एक खिडकी. कुलपं उघडता उघडता त्याला चाकूंचं वेड लागलं, आणि बरेच फसल्यावर जो पहिला धड झाला तो त्याने बहिणीच्या हातात ठेवला. नाशपातीच्या लाकडाची मूठ. पोलादाचं पातं. आत एक लवचीक पट्टी, म्हणजे खटका, पातं उघडलं की खट्कन त्याच्या मागे येऊन बसणारी आणि त्याला मिटू न देणारी. आणि ज्यावर सगळं पातं फिरतं ती खीळ पितळेची.

"पितळेची का रे?" तिने विचारलं होतं.

"पिवळा ठिपका लाकडावर कसा खुलून दिसतो बघ की."

खरंच खुलून दिसत होता. तिने तो चाकू जिवापाड जपला. रोपवाटिकेतल्या बाकीच्या बायकांकडे कारखान्याचे चाकू होते, काहींकडे चांगले भारीतलेसुद्धा. जेवणाच्या सुट्टीत धाकटी आपला चाकू फडक्याने पुसत म्हणायची, "तुमच्या चाकूंना नंबर असतात, माझ्याला भाऊ आहे." दादाचंच वाक्य होतं ते, थोडं फिरवलेलं. कारखान्याचा चाकू म्हणजे मेलेलं पोलाद, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

येणारेही वाढत गेले. चकचकीत बूट घातलेली माणसं लांबून गाड्या करून यायची, मागच्या खोलीतल्या तेलकट स्टुलावर रुमाल पसरून बसायची. दादाचा चाकू हवा तर नाव सांगून थांबावं लागे, आणि थांबण्यातच त्यांना धन्यता वाटे. आई सगळ्यांना पाणी द्यायची आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "दादा, कोण आलंय बघ" म्हणायची.

इकडे धाकटीच्या चाकूचं पातं हलायला लागलं होतं. फार नाही. उघडल्यावर बोटाने ढकललं तर जरासं डुलायचं. ती दादाला म्हणाली, "हे बघ ना, सैल वाटतंय."

त्याने हातात न घेताच सांगितलं, "हाताला बसलाय तो आता. जुन्या चपलेसारखा."

काही दिवसांनी तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा त्याच्याकडे पाहुणे होते. तिने पुढे बोलणं बरं दिसलं नसतं.

थंडी ओसरत आली होती आणि रोपवाटिकेत कामाची झुंबड होती. जगलेल्या डोळ्यांच्या वरचा खुंट छाटून टाकायचा असतो, ते चाललं होतं. एक खुंट जाड निघाला. पातं अर्ध्यावर अडकलं. धाकटीने ते सोडवायला चाकू जरासा हलवला, आतली पट्टी निसटली आणि पातं तिच्या तर्जनीवर मिटलं. आवाजसुद्धा झाला नाही. आधी बोट नुसतं पांढरं दिसलं. शेजारची बाई किंचाळली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी झालंय.

इस्पितळात डॉक्टरांनी शिवण घातली. बोट राहील म्हणाले, पण आतली शीर, जी बोट वाकवते, ती पूर्वीसारखी होणार नाही. बोट आता सरळच राहील, फार तर जरासं झुकेल.

दुपारी दादा आला. अंगावर कामाचाच अंगरखा, हाताला कानशीचा भुगा. दारातच उभा राहिला. धाकटीने बांधलेला हात उशीवर ठेवला होता, तिला वाटलं तो जवळ येऊन बसेल.

"चाकू कुठाय?" तो म्हणाला.

तिच्या नवऱ्याने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. दादाने चाकू बाहेर काढला, उघडला, मिटला, उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "उलटा दाब दिला असशील तू. आणि माती साठलीय आत. तेल घालत जा म्हणून किती वेळा सांगितलं."

"घालत होते," धाकटी म्हणाली.

"मग असं झालंच नसतं." आणि पिशवी घेऊन तो गेला.

नवरा बस चालवायचा. शांत माणूस होता, पण त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. "माझ्या गाडीचा ब्रेक लागला नाही, तर मी प्रवाशांना विचारू का, की तुम्ही नीट बसला होता ना?"

"जाऊ दे," ती म्हणाली. "घाबरलाय तो." त्या वेळी तिला खरंच तसं वाटत होतं.

टाके निघाले तेव्हा दादाने चाकू परत पाठवला, आईच्या हाती. स्वच्छ, तेल दिलेला, धार नवी. धाकटीने डाव्या हाताने उघडला. पातं घट्ट होतं. मुठीवरचा पिवळा ठिपका मात्र पांढरा झाला होता. तो ठिपका इतकी वर्षं रोज तिच्या अंगठ्याखाली आलेला. तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

"खीळ बदललीस का रे?"

"नाही. काही झालंच नव्हतं तिला. साफ केला नुसता."

"पिवळी होती ना ती?"

"पॉलिश केलं म्हणून तशी दिसते," दादा म्हणाला. लगेच म्हणाला, "ठेवतो, माणसं आलीत."

आई समोरच बसली होती. ती पदराची घडी घालत, उलगडत राहिली.

तो चाकू धाकटीने पुन्हा कामावर नेला नाही. नेऊन बघितला एकदा, पण उघडताना हात आपोआप मागे यायचा. मुकादमाने आठवडाभर स्वतःचा दिला आणि मग बजावलं, "बाई, तुमचा तुम्ही घ्या आता." ती शहरातल्या मोठ्या चाकूंच्या दुकानात गेली. काउंटरवर चष्मा गळ्यात अडकवलेली एक बाई होती. काम काय, हात कसा चालतो, सगळं विचारून तिने मखमलीच्या तुकड्यावर दोन चाकू मांडले.

"हा हाताने केलेला, मोजकेच येतात आमच्याकडे. एकच माणूस, एक एक करून बनवतो. मी सांगते, असा चाकू म्हणजे जिवंत वस्तू असते. आणि हा कारखान्याचा, पण त्यांचा सगळ्यात वरचा. किमतीत तुम्हाला फारसा फरक दिसणार नाही. माझं मन विचाराल तर पहिला."

पहिला कोणाचा हे धाकटीला काउंटरच्या पलीकडूनच कळलं होतं. मुठीचा तो बाक घरचा होता. तिने उचलून पाहिला. ठिपका पांढरा.

"यांची खीळ पितळेची असायची ना?"

"अरे वा, माहितीय तुम्हाला!" बाई खुलली. "पूर्वी असायची. आता पोलादाची घालतात, पितळ झिजतं म्हणून. म्हणाले, जरा सुधारणा केली."

"कधीपासून?"

"हल्लीच. थंडी संपता संपता आलेल्या मालात."

धाकटीने चाकू मखमलीवर ठेवला. "आणि या दुसऱ्याचा खटका सरकला तर?"

"त्याला नंबर आहे. कळवायचं, ते बदलून देतात, काही विचारत नाहीत. मागे एकदा त्यांच्याच लक्षात आलं की एका खेपेतली पट्टी नरम निघाली. पेपरात छापलं स्वतःहून, की आमची चूक आहे, चाकू वापरू नका, परत पाठवा. आम्ही खोकी भरभरून पाठवले." बाई हसली. "त्यात जीव नसतो हो, पण सोय असते."

"हाच द्या," धाकटी म्हणाली.

"बघा हं. हातचं ते हातचंच."

"हाच."

काळी, खरबरीत मूठ. दिसायला काहीच नाही. पण पातं उघडलं की दगडासारखं स्थिर. धाकटी मधल्या बोटाने डोळे काढायला शिकली. पूर्वी तिच्या हातचे शंभरातले बहुतेक डोळे हसत-खेळत जगायचे. आता बरेच वाळून जायला लागले. त्यात चाकूचा दोष नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडी आईचा फोन आला. दादावर कोणीतरी फिल्म काढणार होतं आणि त्यांना बहीण हवी होती, पहिला चाकू हातात घेऊन कलम करताना. "एवढं करच गं," आई म्हणाली. "त्याचं नाव होतंय."

ती गेली. मागच्या खोलीत दिवे लावले होते, काळवंडलेली खिडकी कोणीतरी पुसून लख्ख केली होती. फिल्मवाली मुलगी गोड बोलणारी होती. धाकटीने नाशपातीच्या मुठीचा चाकू हातात धरला, कुंडीतल्या खुंटाला चीर दिली. मुलीने विचारलं, "ताई, बोटाला काय झालं?"

दादा कॅमेऱ्यामागून म्हणाला, "गुलाबाचं काम आहे ते. लागायचंच."

आईने धाकटीकडे पाहिलं. त्या बघण्यात धाक नव्हता, विनवणी होती, आणि तेच जास्त झालं.

"याच चाकूने कापलं," धाकटी म्हणाली. "खीळ झिजली होती. खटका निसटला."

मुलीने खाली बघत "छान, थांबूया जरा," म्हटलं आणि मंडळी वायरी गुंडाळायच्या निमित्ताने बाहेर गेली, आईही त्यांच्या मागून. दादाने दार लोटून घेतलं.

"हेच करायचं होतं का तुला?"

"तू खीळ बदललीस. सगळ्याच चाकूंची बदललीस. मी दुकानात बघितलं."

तो व्हाइसचा दांडा उगाच फिरवत राहिला.

"मला खोटी पाडलीस ते राहू दे. पण आधीचे विकलेस त्यांचं काय? त्यांना सांगितलंस? कोणाचं बोट गेलं म्हणजे?"

दादा हसला. कडवट हसू होतं ते, आणि तिच्यासाठी नव्हतं. त्याने कानस उचलली आणि उगाच परत जागेवर ठेवली.

"कोणाचं जाणार? काचेच्या पेटीत ठेवतात ते लोक माझे चाकू. पाहुणे आले की काढून दाखवतात. अजून एकाने कागदसुद्धा कापलेला नाही. वापरणारी तू एकटीच होतीस."

तिला रागाने बोलायचं होतं बरंच. घरून येताना बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते तोंडातच राहिलं. तिने चाकू टेबलावर ठेवला. "मग पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच बघायचास," एवढंच म्हणाली. "एकटीचाच तर होता."

"चूक झाली म्हणून सांगू? आज? सगळ्यांसमोर?"

"इस्पितळात आपण तिघंच होतो, दादा."

यावर त्याने दार उघडलं आणि फिल्मवाल्यांना हाक मारली.

फिल्म लोकांना आवडली. धाकटी त्यात होती: खाली वाकलेली मान, चीर देणारा हात, मागे संथ संगीत. बोट कुठे दिसलं नाही, बोलणं तर नाहीच. सोबत दादाचा आवाज सांगत होता की हातच्या वस्तूत माणूस उतरतो. नवऱ्याने अर्ध्यातच बंद केली. त्यानंतर मागच्या खोलीत येणारे दुपटीने वाढले, आणि धाकटीच्या नातेवाइकांत बोलणं सुरू झालं की भावाचं चांगलं झालेलं हिला बघवत नाही. मावशीने तर तोंडावर सांगितलं, "एका बोटासाठी एवढं?"

पुढच्या हंगामात मुकादमाने तिला पट्ट्या गुंडाळायच्या कामाला लावलं. बिचारा खूप आढेवेढे घेत बोलला, नुकसान होतंय म्हणाला. आता नव्या बायका डोळे भरतात आणि धाकटी त्यांच्या मागून पट्टी बांधत जाते. कोणाची चीर खोल गेली तर तिला दिसतं. सांगते कधी, कधी नाही.

दादाच्या घरी ती जात नाही. आई रविवारी फोन करते, गुडघ्याचं सांगते, पाण्याचं सांगते, आणि ठेवता ठेवता न चुकता म्हणते, "दादा विचारत होता गं, हात कसा आहे म्हणून."

धाकटीला माहीत आहे की त्याने विचारलेलं नाही. आईलाही माहीत आहे की हिला माहीत आहे.

"बरा आहे म्हणावं," ती म्हणते.