पूजेत मांडलेलं बेअरिंग

रविराजचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही मी, माझ्या गिरणीच्या दारात पाहिलंय. एकदा दळणाच्या रांगेवरून एक जण त्याच्या बायकोला, वर्षालीला, काहीबाही बोलला. रविराज कंपनीच्या बसमधून नुकता उतरला होता, खांद्याला डब्याची पिशवी. त्यानं पिशवी नीट खाली ठेवली आणि त्या माणसाला असा हाणला की तो गव्हाच्या पोत्यावर उताणा. मग विचारलं, "काय म्हणालास रं?" आता याला काय म्हणायचं! आधी विचारावं की नाही माणसानं?

मी शालन. पिंपळे गुरवात माझी पिठाची गिरणी आहे. मालक गेल्यापासून मीच चालवते. शालनबाईच्या तोंडाला लागू नये असं लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. गिरणीच्या वरच्या खोलीत रविराज, वर्षाली आणि त्यांचा ज्ञानेश भाड्यानं राहतात. रविराज मूळचा धाराशिवकडचा. आयटीआय करून इकडं आला तो चाकणला, एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. त्याआधी दोन-तीन ठिकाणी टिकला नाही, कारण तेच. अडलेल्या मशीनला एका हेल्परनं लाथ मारली म्हणून रविराजनं त्या हेल्परलाच लाथ घातली होती. बेअरिंग कुणी उघडं फरशीवर ठेवलेलं दिसलं तरी याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "माती गेली तर त्याचा जीव जातो, मावशी," असं मला सांगायचा, जणू जिवंत जनावराबद्दल बोलतोय.

त्याचा बाप सुतार होता आणि हाताला लागेल त्यानं पोराला फोडायचा. रविराजच्या पाठीवर अजून वळ आहेत, उघडा होऊन नळावर आंघोळ करतो तेव्हा दिसतात. पण ज्ञानेशवर मात्र या माणसानं कधी बोट उगारलं नाही. आणि ते पोर काही सोपं नव्हतं बरं का!

ज्ञानेश आठ वर्षांचा. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलंय. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हात लावलेला चालत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात शिरतो. लोक वेडं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती! माझ्या गिरणीत मात्र हे पोर तासन् तास बसायचं, तो घरघराट त्याला कसा चालायचा देव जाणे. बसायचं आणि शाफ्टकडं बघायचं.

गिरणीचं बेअरिंग गेलं तेव्हा रविराजनंच ते बदलून दिलं. जुनं काढून बाजूला टाकलं, ते ज्ञानेशनं उचललं. तळहाताएवढं लोखंडी कडं, आत गोळ्या, गोळ्यांत वर्षानुवर्षांचं पीठ आणि दगडाची बारीक कच बसलेली. बोटानं फिरवलं की खर्रर्र असं वाजायचं. पोरानं ते कानाला लावलं आणि तो दिवस अन् आजचा दिवस, सोडलं नाही. जेवताना मांडीवर, झोपताना मुठीत. घाबरलं की फिरवायचं, कानाशी धरायचं, आणि एखादं रडतं लेकरू आईच्या कुशीत शांत व्हावं तसं शांत व्हायचं. त्याचा जीव की प्राण ते!

मागच्या आळीतल्या सोनबाच्या थोरल्या पोरानं एकदा गंमत म्हणून ते हिसकावलं आणि उंच धरून ज्ञानेशला नाचवलं. रविराजनं त्याचा दात पाडला. पोलिसांपर्यंत गेलं नाही, पण सोनबाच्या घरात ते दुखणं राहिलं.

मग आली खंडेनवमी.

आमच्या या पट्ट्यात कारखाना असो, गॅरेज असो की गिरणी, खंडेनवमीला यंत्र बंद. धुवायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. हत्यार पूजेत मांडलं की दसऱ्यापर्यंत कुणी उचलायचं नाही. मीही गिरणीचा पट्टा उतरवला होता, दगड खोलले होते आणि सकाळपासून त्यांना टाकी मारत बसले होते. दगड गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडीनं पुन्हा खरबरीत करावे लागतात, ते आमचं वर्षाचं काम. तेव्हा गिरणीचा आवाज त्या दिवशी नव्हताच. ज्ञानेश थोडा वेळ दारात घुटमळला, बेअरिंग कानाला लावलं आणि वर जाऊन झोपला.

रविराज कंपनीतली पूजा उरकून दुपारीच घरी आला. हातात पेढे, झेंडू, चेहऱ्यावर सणाचं हसू. पाटावर लाल फडकं अंथरून त्यानं आपले पाने, हातोडी, पक्कड मांडले. वर्षालीची विळी मांडली. मग झोपलेल्या पोराच्या मुठीतून बेअरिंग हळूच काढून घेतलं.

"अहो, राहू द्या ते," वर्षाली म्हणाली. हे तिनंच मला मागून सांगितलं.

"का? सगळ्यांची हत्यारं पूजेला, आन् माझ्या पोराचंच नको? त्याचंबी हत्यारच हाय की ते!"

आणि मग या शहाण्या फिटरनं ते डिझेलमध्ये बुडवलं. ब्रशानं घासून आतली सगळी घाण काढली, पुसलं, कंपनीतून आणलेलं चांगलं ग्रीस दाबून भरलं. फिरवून पाहिलं. जरा म्हणून आवाज नाही. नव्या नवरीसारखं चमकत होतं. त्यावर हळदकुंकू वाहिलं, एक झेंडू ठेवला आणि हात जोडले. काय बोलावं? इतक्या मायेनं कुणी कुणाचा घात केला नसेल.

ज्ञानेश उठला. मूठ रिकामी. इकडंतिकडं बघितलं, पाटावर दिसलं, त्यानं उचललं. रविराज हसतच होता, पूजेतलं उचललं तरी काही बोलला नाही. पोरानं बोट घालून फिरवलं. कानाला लावलं. पुन्हा फिरवलं. नाकाशी धरलं, तर पिठाचा वास गेलेला, डिझेलचा वास. पुन्हा कानाला लावलं.

मग जी किंकाळी आली ती मी खाली ऐकली आणि माझ्या हातातली टाकी सटकून बोटावर बसली.

लगोलग धप्प. मग धप्प, धप्प, धप्प. छताचा रंग सुटून माझ्या चाळणीत पडायला लागला. मी तशीच हातोडी हातात घेऊन जिना चढले. वर काय बघते, तर वर्षालीचं कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यात उतरलेलं. पोरानं फेकलेलं बेअरिंग तिला बसलं होतं. रविराजनं पेटीतली दुसरी बेअरिंगं काढून पुढं केली होती, तीही खोलीभर पसरली होती. आणि ज्ञानेश भिंतीवर डोकं आपटत होता. मुलं हट्टानं आपटतात तसं नव्हे. भिंत फोडायचीय अशा जोरानं. भिंतीवर लाल डाग उमटला होता आणि दर वेळी तो मोठा होत होता.

"धर रं त्याला!" मी ओरडले.

"धरलं की जास्त करतंय, मावशी! श्वास कोंडून घेतंय!"

पोराचं डोकं फुटणार होतं. माझ्या डोळ्यांसमोर फुटणार होतं. आणि दुसरं काही सुचेना तेव्हा रविराजनं भिंतीला दोन्ही तळहात लावले, पोराचं कपाळ येत होतं बरोबर त्या जागी. ज्ञानेशचं डोकं आता बापाच्या हातांवर आदळायला लागलं. हाडावर हाड वाजत होतं. मधूनच पोर मान वळवून बापाच्या मनगटाला कडकडून चावायचं, पुन्हा आपटायचं. रविराजच्या तोंडातून "हं, हं" एवढंच यायचं. हात काही हलले नाहीत.

"हळद आणा, बर्फ आणा काहीतरी," वर्षाली म्हणाली. मी खाली धावले. शेजारच्या दुकानातून बर्फ घेतला, वळते तो सोनबा आणि त्याची दोन्ही पोरं माझ्याच जिन्यावरून धडाधड वर चाललेली. थोरल्याच्या हातात दांडकं. आळीत सगळ्यांनी किंकाळ्या ऐकल्या होत्या.

"पोराला मारून टाकतोय राक्षस!" सोनबा ओरडत होता.

दारातून त्यांना काय दिसलं असेल? रक्तबंबाळ लेकरू, रक्तबंबाळ बाई, आणि पोराला भिंतीशी दाबून उभा असलेला, अख्ख्या आळीला ठाऊक असलेला मारकुटा रविराज. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आधी हाणलं. याच्याकडूनच शिकले असतील, मेले!

धाकट्यानं कमरेत लाथ घातली. थोरल्यानं पाठीवर दांडकं घातलं, मग मानेवर, मग पुन्हा पाठीवर, जुने वळ होते तिथंच. वर्षाली मध्ये पडली तर तिला सोनबानं केसांना धरून बाजूला ओढलं. मी वर पोचले तेव्हा रविराज गुडघ्यांवर आला होता, पण हात भिंतीलाच. एका दणक्यात तिघांना जिन्याखाली धाडणारा माणूस तो! मागं वळून पाहिलं नाही. पोराचं डोकं त्या हातांवर आपटतच होतं आणि बाप त्या डोक्याचं बघत होता. मग थोरल्यानं दांडकं त्या हातावर घातलं. बोटं मोडल्याचा आवाज मी दारात ऐकला. पालथा घातलेला हात तसाच राहिला, हलला नाही.

मी बर्फ टाकला आणि अजून हातातच असलेल्या हातोडीचा दांडा थोरल्याच्या कोपरावर असा घातला की दांडकं खाली. धाकट्याच्या नडगीवर दुसरा. "आरं मुडद्यांनो, त्यो मारत न्हाई, राखतोय! डोळं फुटलं का? हात बघा त्याचं, कुठं हायेत ते!"

सोनबानं पाहिलं. थोरल्यानंही पाहिलं. पोराचं कपाळ आलं आणि त्या मोडक्या बोटांवर आदळलं, आणि रविराजच्या तोंडून पहिल्यांदा ओरड निघाली. पण हात तिथंच. सोनबानं वर्षालीचे केस सोडले. माफी वगैरे काही नाही, तिघं जिन्यात जाऊन उभे राहिले नुसते.

"काय झालं तरी काय याला?" मी विचारलं.

"आवाज गेला त्याचा," रविराज दातांतून बोलला. "मी धुतलं, मावशी. ग्रीस भरलं. चांगलं करायला गेलो. वाजंना झालंय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळपासून मी खाली काय पाडत बसले होते? कच! माझ्या गिरणीच्या दगडाची कच, याच बेअरिंगात इतकी वर्षं भरलेली. मी खाली गेले, टाकीची पडलेली कच आणि दगडाच्या खाचेतलं जुनं पीठ ओंजळीत भरलं आणि वर आले. डिझेलची वाटी पूजेशेजारीच होती. वर्षालीनं फेकलेलं बेअरिंग शोधून त्यात धुतलं, ग्रीस काढलं, पदरानं पुसलं.

"टाका," रविराज म्हणाला. मान वळवून बेअरिंगाकडं बघत होता. "अजून टाका, मावशी. गोळ्यांच्या मधी जाऊ द्या. दाबा." बेअरिंगात मातीचा कण गेला तर माणसाच्या अंगावर जाणारा हा, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, दगड भरा म्हणून सांगत होता. मी भरला. वर्षालीनं फिरवलं.

खर्रर्र.

पोराचं डोकं अर्ध्यात थांबलं. तिनं पुन्हा फिरवलं. ज्ञानेशनं हात पुढं केला, घेतलं, हुंगलं, कानाला लावलं. मग बापाच्या पायांवरून ओलांडून कोपऱ्यात जाऊन बसला. कुणाकडं बघितलं नाही. बापाच्या हाताकडं तर नाहीच. खर्रर्र, खर्रर्र. रविराज भिंतीला टेकून खाली बसला आणि त्या आवाजाला हसायला लागला, ओठ चावून रक्ताळलेल्या दातांनी.

"वाजतंय," म्हणाला.

दवाखान्यात पोराच्या कपाळाला टाके पडले, बस्स. रविराजची बोटं मात्र वाकडी बसली. कंपनीत त्याला मेंटेनन्समधून काढून स्टोअरला टाकलं, कारण पाना धरवत नाही. आळीत काही जण म्हणतात, बरं झालं, राग तरी गेला. डोंबल गेला! अजून तस्साच चिडतो. मूठ वळायला जातो, ती वळत नाही, मग आपल्याच हाताकडं बघत उभा राहतो. मला ते बघवत नाही, मी आत निघून जाते.

यंदाच्या खंडेनवमीला तो वाटी घेऊन खाली आला. "मावशी, टाकी मारली का? कच द्या थोडी." मी दिली, आणि बघायला म्हणून मागोमाग वर गेले. पाटावर पाने, हातोडी, विळी सगळं मांडलेलं. मधोमध त्यानं ती कचेची वाटी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. बेअरिंग मांडलं नव्हतं, ते ज्ञानेशच्या मुठीत होतं.

पोर पाटाशी आलं, वाटीतली चिमूटभर कच उचलली आणि गोळ्यांत घातली. पूजेतलं उचलू नये म्हणतात. रविराजनं वाकड्या बोटांनी वाटी त्याच्याकडं सरकवली.