ललिता गवईचे दोन प्रोसेसर

पातूरच्या ललिता गवईला कॉम्प्युटर उघडायची वेळ येईल असं कोणी सांगितलं असतं, तर ती हसली असती. अंगणवाडीत बावीस वर्षं काढलेली बाई. पोरांची वजनं घ्यायची, माहिती मोबाइलवर भरायची, यंत्राशी संबंध तेवढाच. घरातला कॉम्प्युटर नवऱ्याचा. प्रीतम गवई जमिनी मोजणारा सरकारी भूकरमापक होता. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून दोन भावांच्या कुऱ्हाडी निघाल्या, तरी मधोमध उभा राहून शांतपणे साखळी ओढणारा माणूस. नकाशांच्या कामासाठी म्हणून त्यानं २०१२ साली अकोल्याहून तो कॉम्प्युटर आणला होता.

दोन वर्षांपूर्वी प्रीतमच्या उजव्या हातातून पेन गळायला लागला. मग पाय गेले, मग जीभ. स्नायू एकेक करून बंद पाडणारा आजार, पण डोकं शेवटपर्यंत शाबूत, असं डॉक्टर म्हणाले होते. आता त्याला पापण्या मिटता येत होत्या आणि मान दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं हलवता येत होती. बाकी सगळं ललिताच्या हातात.

फेब्रुवारीत अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "श्वासाचे स्नायू थकत चाललेत. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि मशीनवर ठेवायचं की नाही, ते पंधरा दिवसांत ठरवा. पण त्यांनाच विचारून ठरवा."

घरी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलेली होती. ललिता एकेका अक्षरावरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की प्रीतम पापणी मिटायचा. तिनं विचारलं. बोट फिरत गेलं. न. ळी. न. को.

तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की नळीसह असो, मशीनसह असो, हा माणूस आपल्याला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. उत्तर तेच आलं.

वलगावहून प्रीतमचे थोरले भाऊ चंद्रभान आले होते. त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन पाहिला आणि खाली टाकला.

"बोट तुयं, पुठ्ठा तुया. माया भाऊ असं काहून म्हनंल? तू थकली, तर सांग ना सरळ."

ललितानं पुठ्ठा उचलून ठेवला. महिन्याभरापूर्वी एका पहाटे प्रीतमची कूस बदलताना तिच्या मनात क्षणभर येऊन गेलं होतं, सुटावं आता. तो क्षण तिनं कोणाला सांगितला नव्हता. आता तिला वाटू लागलं, तेच माझ्या बोटात उतरलं असंल तर? 'न'वर माझंच बोट जास्त थांबलं असंल तर?

मुलगी भावना अमरावतीला शिकत होती. तिनं एक फुकटचा प्रोग्राम शोधून काढला. कॅमेरा चेहरा पाहतो, मान हलेल तसा पडद्यावरचा बाण हलतो, अक्षरावर थांबला की अक्षर उमटतं आणि वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचतो. मधे कोणाचं बोट नाही. भावनानं तो बसवून दिला आणि ती परीक्षेला परत गेली.

पण त्या जुन्या कॉम्प्युटरला ते झेपेना. मान हलली की बाण दोन सेकंदांनी हले. प्रीतम 'क' धरायचा, उमटायचा 'घ'. आवाज सुरू केला की सगळंच गोठायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर घाम आला, त्यानं डोळे मिटून घेतले आणि तासभर उघडलेच नाहीत. एका शेजाऱ्याचा लॅपटॉप आणून पाहिला, तर तो ऑफिसचा, त्यात बाहेरचा प्रोग्राम चालेना. मानेची हालचालही रोज थोडी कमी होत होती. पंधरापैकी सहा दिवस गेले होते.

भावना फोनवर म्हणाली, "आई, त्यात सेलेरॉन आहे. सगळ्यात साधा प्रोसेसर. आतल्या त्याच बोर्डावर बसंल असा जुना, पण जरा ताकदीचा घे."

शनिवारी ललिता एस.टी.नं अकोल्याला गेली. जुन्या कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्या कुंदनच्या दुकानात उभी राहिली आणि कागदावर उतरवून आणलेलं वाचून दाखवलं. कुंदननं दोन चौकोनी तुकडे काचेवर ठेवले. दोन्ही बिस्किटाएवढे, दोन्ही वापरलेले.

"हा पेंटियम, जी-२१३०. हा आय-थ्री, २१००. किमतीत शे-दीडशेचा फरक."

"चांगला कोन्ता?"

"ताई, पेंटियम दोन वर्षांनी नवा आहे. वेगही याचा थोडा जास्त, हा तीन पॉइंट दोन, तो तीन पॉइंट एक. एकच काम असंल तर पेंटियम घ्या, पैसे वाचतात. तुमचं काम काय?"

ललितानं सांगितलं. कॅमेरा, बाण, आवाज, सगळं एकाच वेळी. कोणासाठी तेही सांगितलं. कुंदननं दोन्ही तुकडे तिच्यापुढे सरकवले.

"दोघाच्याई आत काम करणारे दोनच हात आहेत. पण आय-थ्रीचा एकेक हात दोन-दोन कामं धरून ठेवते. एक अडलं की दुसरं चालू. पण हा लय जुना आहे, मी छातीठोक नाही सांगत. दोन्ही घेऊन जा. जो चालंल तो ठेवा, दुसरा आणून द्या."

रविवारी दुपारी चंद्रभान परत आले. ललितानं कॉम्प्युटर जमिनीवर आडवा केला होता. भावना फोनच्या पडद्यावरून सांगत होती. आधी पंखा काढला, सेलेरॉन काढला. खाली केसासारख्या बारीक पिना होत्या, शेकड्यांनी. एक वाकली तर बोर्ड गेला. ललितानं श्वास रोखून पेंटियम बसवला. नवा आहे, वेगाचा आहे, हाच चालावा, असं म्हणत बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

तिनं परत दाबलं, परत परत दाबलं. काही नाही.

"होतं तेही मोडलं," चंद्रभान म्हणाले.

खाटेवरून प्रीतम तिच्याकडे पाहत होता. तिनं कुंदनला फोन लावला.

"ताई, घाबरू नका. बोर्ड जुना आहे, तो या पेंटियमच्या पिढीला ओळखून नाही राहिला. बोर्डाचा आतला प्रोग्राम नवा करता येते, पण मधेच लाइन गेली तर बोर्ड कायमचा मरते. ते नका करू. आय-थ्री याच बोर्डाच्या पिढीचा आहे. तो लावून पाहा."

तिनं आय-थ्री बसवला. पडदा उजळला.

कॅमेरा लागला. प्रीतमनं मान बोटभर उजवीकडे केली आणि बाण त्याच्यासोबत गेला. किंचित मागे, पण सोबत. आवाज सुरू केला, तरी काही गोठलं नाही. ललिता खाटेपासून लांब भिंतीला टेकून उभी राहिली. दोन्ही हात तिनं पाठीमागे धरले होते, चंद्रभानना दिसतील असे.

सतरा मिनिटं लागली. मग त्या परक्या, सपाट आवाजात कॉम्प्युटर बोलला, "नळी नको."

चंद्रभान खाटेजवळ जाऊन बसले. "प्रीतम, बापू, असं काहून? आमी आहो ना."

बाण हलत राहिला. "दादा थकलो मी. ती नाही."

चंद्रभान उठले आणि अंगणात जाऊन नळाखाली तोंड धरून उभे राहिले.

ललिताच्या डोक्यावरचा आरोप त्या क्षणी उतरला होता. पण तिला तो उतरायला नकोच होता. या यंत्रानं आपल्याला खोटं पाडावं म्हणून तर तिनं त्याचं पोट फाडलं होतं. ती धावत खाटेशी आली. "याचंई चुकलं असंल. जुनं आहे हे. परत लिहा."

प्रीतमनं परत लिहिलं. तेच दोन शब्द.

"अहो, मी करतो ना सारं. मले काही तरास नाही तुमचा. खरंच नाही."

बराच वेळ बाण फिरला. "मले आहे," कॉम्प्युटर म्हणाला.

तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. पुढं ती एकदाही नळीबद्दल बोलली नाही. डॉक्टरांना फोन करून तिनंच कळवलं.

प्रीतम त्यानंतर तेवीस दिवस जगला. त्यातले चौदा दिवस बोलला. खिडकी उघडा म्हणाला. भावनाशी तिच्या पेपरांबद्दल भांडला. पेन्शनचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते सांगितलं. चंद्रभान वलगावला परत गेले नाहीत. पाठीला जखम न होता माणसाला कसं वळवायचं, ते ललितानं त्यांना शिकवलं. दोघं मिळून वळवायचे, फारसं न बोलता.

पंधराव्या दिवशी मान हलली नाही, पापणीही मिटेना. बाण 'म'वर थांबून राहिला आणि कॉम्प्युटर "म, म, म" करत राहिला, शेवटी चंद्रभाननी तो बंद केला. काय म्हणायचं होतं ते कोणालाच कळलं नाही. तेविसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ललिता त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होती. कापूस बुडवायला ती वाटीकडे वळली, आणि परत वळेपर्यंत श्वास थांबलेला होता.